२४ तास बॉइंक चालवायला ३२००जी च्या जागी कोणता प्रोसेसर? बी४५० बोर्ड, बजेट २० हजार, नाशिक

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी,

घरचा डेस्कटॉप आहे, त्यात रायझन ३ ३२००जी, बी४५० चिपसेटचा छोटा बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ४५० वॉटचा एसएमपीएस. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. संध्याकाळी मुलीचा अभ्यास आणि बायकोचं टॅलीचं काम होतं, बाकी सगळा वेळ मशीनवर बॉइंक (शास्त्रज्ञांच्या हिशोबाचे तुकडे घरच्या कॉम्प्युटरवर सोडवणारं सॉफ्टवेअर) चालू असतं. मुख्य काम वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड या प्रोजेक्टचं, त्यातलं कॅन्सर मार्करवालं, आणि रोझेटा नावाच्या दुसऱ्या प्रोजेक्टचं काम आलं तर तेही घेतो. माझी आई कॅन्सरने गेली तेव्हापासून हे चालवतोय आणि बंद करायचा विचार अजिबात नाही, उलट आता जरा जास्त हातभार लावावा असं वाटतंय.

अडचण अशी की चार कोरचा हा प्रोसेसर आता फार कमी पडतो. एम. जी. रोडला दोन-तीन दुकानांत विचारलं. एक जण म्हणाला हे सगळं काढून टाका, नवीन आय५ बोर्डासकट घ्या. दुसरा म्हणाला त्याच बोर्डावर रायझन ५७००एक्स टाका, विषय संपला. आणि ऑनलाइन एक जण वापरलेला ५९००एक्स विकतोय तो बजेटच्या थोडा वर जातो पण १२ कोर म्हटल्यावर मन तिकडे ओढ घेतंय. यूट्यूबवर जे बघावं ते गेमिंगचं, २४ तास शंभर टक्के लोडवर महिनोन्‌महिने प्रोसेसर कसा वागतो हे कोणी सांगतच नाही.

अजून एक, घरात महिन्याला २३०-२४० युनिट पडतात (कॉम्प्युटर धरून). ३०० च्या पुढे जायचं नाही असं घरी ठरलेलं आहे. कोणी असं मशीन चालवत असेल तर प्लीज सांगा.

सातपूर_एमआयडीसी

भाऊ, पहिले एक सांगा, बोर्डावर प्रोसेसरच्या शेजारी डाव्या बाजूला ज्या चौकोनी काळ्या चिपा असतात त्यांच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक आहे का उघड्याच आहेत? कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. त्याला व्हीआरएम म्हणतात, एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट प्रोसेसरला लागतात तेवढे, म्हणजे सव्वा-एक व्होल्टच्या आसपास खाली आणायचं काम तो करतो. गेम खेळताना लोड वरखाली होतो, मधे श्वास घ्यायला वेळ मिळतो. बॉइंकला तसं नाही, रात्रंदिवस एकसारखा करंट ओढला जातो. मी मेंटेनन्समध्ये काम करतो, एखादी वस्तू थोडा वेळ किती ओढते आणि सलग किती ओढते यातला फरक आम्ही रोज बघतो, मोटर असो का पॅनल.

आता आकडे बघा. ५७००एक्स चा टीडीपी (कंपनी बॉक्सवर लिहिते तो वॉटचा आकडा) ६५ वॉट लिहिलेला असतो पण सॉकेटमधून तो जास्तीत जास्त ७६ वॉट घेतो. ५९००एक्स चा टीडीपी १०५ लिहितात आणि प्रत्यक्षात १४२ वॉटपर्यंत जातो. म्हणजे बॉक्सवरच्या आकड्यावर हिशोब करूच नका. फरक झाला ६६ वॉटचा, त्यात एसएमपीएसचा लॉस धरला तर भिंतीतल्या प्लगवर पाऊणशे वॉटच्या पुढे जातो. पाऊणशे वॉट गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस, ५४ युनिट. तुमच्या २४० मध्ये ५४ मिळवा, २९४ झाले, आणि एप्रिल-मे मध्ये कूलर लागला की गेलाच वर.

५७००एक्स चं मात्र तसं होणार नाही, तुमचा ३२००जी पण ६५ वॉटचाच आहे. त्यामुळे बिल फारसं हलणार नाही आणि काम मात्र साडेतीन ते चारपट होईल. माझ्या मते निर्णय इथेच झाला.

देवळाली_कॅम्प

दादा थांबा, घाईत ५७००एक्स घेऊन येऊ नका, एक मोठी गोष्ट कोणी सांगितलेलीच नाही. तुमच्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही आणि ५७००एक्स मध्ये डिस्प्ले नसतो! ३२००जी मधला तो जी म्हणजेच आतलं ग्राफिक्स, म्हणून तुमची एचडीएमआयची वायर थेट बोर्डाला लागलेली असणार. ५७००एक्स किंवा ५९००एक्स बसवला की तेच पोर्ट मेलेलं, स्क्रीन काळी, आणि मग माणूस समजतो प्रोसेसर खराब आला.

यावर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ५७००जी घ्यायचा, तोही आठ कोर सोळा थ्रेड (म्हणजे एक कोर दोन कामं एकदम चालवतो), डिस्प्ले आत आहे, कूलर पण बॉक्समध्ये येतो. पण त्यात एल३ कॅश अर्धी आहे, १६ एमबी, ५७००एक्स ला ३२ आहे. कॅश मोठी असली की डेटा जवळ राहतो, सारखं रॅमकडे धावावं लागत नाही, आणि सोळा टास्क एकाच वेळी चालू असताना त्या कॅशचे सोळा वाटेकरी असतात हे लक्षात घ्या. तुमच्या आत्ताच्या ३२००जी ला तर फक्त ४ एमबी आहे. दुसरा रस्ता म्हणजे ५७००एक्स आणि सोबत एखादं जुनं छोटं कार्ड, जीटी ७१० वगैरे. ते फुल लोडला १९ वॉटचं आहे आणि नुसत्या डिस्प्लेला तर त्याहून कितीतरी कमी घेतं. टॅली आणि गुगल क्लासरूमला तेवढं पुष्कळ झालं. एम. जी. रोडला वापरलेली अशी कार्डं मिळतात, लावून दाखवा म्हणायचं, स्क्रीन आली की घ्यायचं.

मी असते तर दुसरा रस्ता धरला असता. आज डिस्प्लेपुरतं कार्ड, उद्या पैसे आले की त्याच जागी चांगलं कार्ड टाकून त्याच्यावर पण काम चालवता येतं.

आणि बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर! बी४५० बोर्ड निघाले तेव्हा ५००० सीरिज बाजारात नव्हती. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस अपडेट करायचा, आधी नवीन बसवला तर बोर्ड त्याला ओळखणारच नाही. बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात रिव्हिजन नंबर छापलेला असतो तो बघून त्याच रिव्हिजनची फाइल घ्या, एकाच नावाच्या बोर्डाची दोन-तीन रिव्हिजन असतात.

मेरी_लिंकरोड

मधेच विचारतोय, सॉरी. हे बॉइंक म्हणजे नक्की काय? क्रिप्टो मायनिंगसारखं आहे का, पैसे मिळतात का? माझ्याकडे पण रायझन ५६०० पडून आहे, कॉलेज संपल्यापासून गेम पण होत नाही.

गोदाकाठ

@मेरी_लिंकरोड नाही, पैसे मिळत नाहीत, क्रेडिट म्हणून नुसते पॉइंट मिळतात, त्याचं बाजारात काही होत नाही. कल्पना अशी की शास्त्रज्ञांकडे हिशोब प्रचंड असतो आणि सुपरकॉम्प्युटरचा वेळ मिळत नाही, मिळाला तर महाग असतो, म्हणून त्या हिशोबाचे छोटे छोटे तुकडे करून जगभरातल्या लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरला पाठवतात आणि उत्तरं परत गोळा करतात. सेटी अ‍ॅट होम ऐकलं असेल, १९९९ च्या मे मध्ये बर्कलीच्या विद्यापीठातून सुरू झालं, रेडिओ दुर्बिणीच्या डेटात परग्रहावरचा सिग्नल शोधायचा. मार्च २०२० ला त्यांनी नवीन काम पाठवणं थांबवलं. पण बॉइंक हे सॉफ्टवेअर त्याच मंडळींनी बनवलं आणि आज बाकीचे अनेक प्रोजेक्ट त्यावर चालतात.

मी स्वतः आइन्स्टाइन अ‍ॅट होम चालवतो. त्यात लायगो वेधशाळेचा गुरुत्वलहरींचा डेटा असतो, फर्मी उपग्रहाचा गॅमा किरणांचा असतो, रेडिओ दुर्बिणींचा असतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या आयोवातलं एक जोडपं आणि जर्मनीतला एक माणूस, यांच्या कॉम्प्युटरनी अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीच्या डेटातून एक नवा पल्सार (ठरावीक वेळाने सिग्नल देणारा तारा) शोधून काढला. आपल्यासारखीच साधी माणसं आणि साधे कॉम्प्युटर. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगावपाशी आत खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५-४५ मीटरच्या ३० अँटेना आहेत, हिंगोलीला औंढ्याजवळ लायगो-इंडिया होतंय, इतकं सगळं आपल्या राज्यात असताना मराठी माणूस यात फार कमी दिसतो याचं मला खरंच वाईट वाटतं. ५६०० पडून असेल तर लावाच, सहा कोर आहेत त्याला.

आता मूळ प्रश्न. सातपूरवाल्या भाऊंचा वॉटचा हिशोब बरोबर आहे पण निष्कर्ष पटला नाही. ५९००एक्स १४२ वॉट खातो तो जसा आला तसा चालवला तर. बायोसमध्ये इको मोड टाका, तो ८८ वॉटवर बांधला जातो. वेग थोडा उतरतो पण वीज जवळजवळ चाळीस टक्के कमी होते, कारण शेवटचे दोन-तीनशे मेगाहर्ट्झ मिळवायला प्रोसेसर व्होल्टेज खूप वाढवतो आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बारा कोर सावकाश चालवले तर आठ कोर जोरात पळवण्यापेक्षा प्रत्येक युनिटमागे जास्त काम निघतं. ज्याला २४ तास चालवायचंय त्याने जास्त कोर घ्यावेत आणि हळू चालवावेत, हे मी कितीही वेळा सांगेन.

सातपूर_एमआयडीसी

गोदाकाठ, तुमचं तत्त्व मान्य, शंभर टक्के मान्य. पण ते कोणाच्या बोर्डावर चालणार ते बघा. इको मोड ही बायोसची सेटिंग आहे. बोर्ड चार-पाच वर्षं जुना, त्याचा सीमॉसचा सेल (बायोसच्या सेटिंग धरून ठेवणारा) उतरला आणि पावसाळ्यात लाइट गेली की सेटिंग डिफॉल्टला जाते. घरच्यांना काही कळणार नाही, बॉइंक आपोआप चालू होणार आणि छोट्या बी४५० च्या व्हीआरएमवर १४२ वॉट रात्रभर. ५७००एक्स डिफॉल्टला गेला तरी ७६ च आहे. जे मशीन कोणी बघत नसताना चालणार आहे ते सगळं विसरलं तरी सुरक्षित राहिलं पाहिजे.

दुसरं, तो ५९००एक्स वापरलेला आहे. प्रोसेसर सहसा जात नाही हे मला माहितीय, पण एएम४ ला (तुमच्या बोर्डाचं सॉकेट) पिना प्रोसेसरच्या बाजूला असतात, १३३१ पिना, एक वाकलेली सरळ करून विकली तर फोटोत दिसत नाही. नवीन बॉक्स पीस घेतला तर तीन वर्षांची वॉरंटी तरी आहे. ट्रे पीस (बॉक्सशिवाय सुटा) नको, स्वस्त पडतो पण वॉरंटी कोणाकडे मागणार.

इंदिरानगरकर

सगळ्यांचे खूप आभार, इतक्या लवकर उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. @देवळाली_कॅम्प ताई, डिस्प्लेचं दोन्ही दुकानांत कोणी बोललं नाही, तुम्ही सांगितलं नसतं तर घरी आणून बसलो असतो.

बॅटरी घेऊन केबिनेट उघडून बघितलं. हीटसिंक आहे पण एकाच बाजूला, वरच्या चिपा उघड्या आहेत. कूलर कंपनीचाच छोटा गोल आहे. केबिनेट टेबलाच्या खालच्या कप्प्यात आहे, मागची बाजू भिंतीला, पुढे काच. आणि टॅलीचा डेटा या मशीनवर आहे म्हणून जास्त काळजी वाटते.

आय५ बद्दल कोणी बोललं नाही. १२४०० सांगत होता दुकानदार. आणि रॅम १६ पुरेल का?

देवळाली_कॅम्प

आय५ १२४०० चांगला आहे, आतमध्ये डिस्प्ले आहे, सहाही कोर एकसारखे मोठेच आहेत त्यामुळे सगळ्या टास्क सारख्या वेगाने जातात. पण बोर्ड नवीन घ्यावा लागेल. बोर्ड डीडीआर४ वाला बघून घेतला तर रॅम वाचेल, तरी पण बोर्डाचे पैसे घालून मिळणार सहा कोर, आणि नुसता प्रोसेसर बदलून मिळतायत आठ. तुमच्या कामाला ते जमत नाही. रायझनच्या नवीन एएम५ सॉकेटची पण तीच गोष्ट, ७७००, ७९०० हे ६५ वॉटचे असून कामाला अफाट आहेत, पण बोर्ड, डीडीआर५ रॅम, सगळंच नवीन, २० हजारात विचारच नको. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतले वरचे प्रोसेसर कोणी स्वस्तात देऊ केले तर नीट चौकशी करा, त्यांच्यात व्होल्टेज जास्त जाऊन चिप कमजोर व्हायची अडचण २०२४ मध्ये समोर आली, कंपनीने मायक्रोकोड अपडेट दिलं आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. पण आधीच्या मालकाने ते अपडेट कधी टाकलं ते आपल्याला समजत नाही.

रॅमचं सांगते. कॅन्सर मार्करच्या टास्कला रॅम फार लागत नाही, सोळाच्या सोळा चालतील. रोझेटाचं वेगळं आहे, एकेक टास्क एक-दीड जीबी पण घेते. सोळा थ्रेडवर सोळा रोझेटा लावल्या तर तुमचे १६ जीबी तिथेच संपले, मग विंडोज डिस्कवर लिहायला लागतं आणि अख्खं मशीन रखडतं, मुलीला ब्राउझर पण उघडता येणार नाही. बॉइंकमध्ये मेमरीची मर्यादा टाकता येते, कॉम्प्युटर वापरात असताना ५० टक्के, नसताना ८० वगैरे, मग जेवढ्या मावतात तेवढ्याच टास्क तो चालू ठेवतो. ५९००एक्स वर हाच प्रश्न चोवीस थ्रेडचा झाला असता, म्हणून १६ जीबीवर तो घेण्यात अर्थ नाही. प्रोसेसरमध्ये वाचलेले पैसे पुढे रॅममध्ये घाला.

म्हसरूळकर_काका

बऱ्याच वर्षांपासून चालवतोय म्हणून लिहितो, प्रोसेसर कोणता यावर वर सगळं आलंच आहे, मी उष्णतेबद्दल लिहितो कारण तुम्ही टेबलाचा कप्पा म्हणालात तिथे मला धस्स झालं.

तो कप्पा आधी सोडा. पुढे काच आणि मागे भिंत म्हणजे बाहेर पडलेली गरम हवाच पंखा परत आत ओढतो. ७६ वॉट प्रोसेसरचे, बोर्ड, एसएमपीएस, डिस्क धरून शंभराच्या पुढे, एवढी उष्णता त्या कप्प्यात रोज २४ तास. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारी ३८-४० होतं, खोलीत ३४-३५ धरा आणि कप्प्यात त्याहून वर. ५७००एक्स ची मर्यादा ९० डिग्री आहे, तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे पैसे आठ कोरचे दिले आणि काम कमी मिळालं. केबिनेट बाहेर काढा, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, भिंतीपासून लांब. ५७००एक्स सोबत कूलर येत नाही. तुमचा गोल कूलर त्यावर बसेल पण २४ तासांच्या कामाला तो मला पुरेसा वाटत नाही, १२० मिमीचा पंखा असलेला साधा टॉवर (उभा) कूलर घ्या, आवाज पण कमी होतो. त्या टॉवरच्या पंख्याची हवा मागच्या जाळीकडे गेली पाहिजे, उलटा लावला तर उपयोग नाही. व्हीआरएमच्या उघड्या चिपांना मात्र गोल कूलरची खाली पडणारी हवा लागायची, टॉवर लावल्यावर ती बंद होते, म्हणून पुढच्या जाळीवर एक पंखा जास्तीचा बसवा, हे विसरू नका.

आता सेटिंग. बॉइंकमध्ये दोन टक्केवाऱ्या असतात. एक किती टक्के सीपीयू म्हणजे कोर वापरायचे, आणि दुसरी सीपीयूचा किती टक्के वेळ. बरेच जण गरम होतंय म्हणून दुसरी कमी करतात. ती १०० लाच ठेवा. ती कमी केली की काम सेकंदासेकंदाला बंद-चालू होतं, तापमान वरखाली होत राहतं, पंखा सारखा गुरगुरतो. त्यापेक्षा पहिली ७५ करा, सोळापैकी बारा थ्रेड एकसारखे चालतील आणि उरलेल्या चारवर घरच्यांचं काम मजेत होईल. थंडीत १०० करा. निफाडला पारा उतरतो तेव्हा आपल्याकडे पण रात्री खिडकी बंद करावी लागते, ते अडीच-तीन महिने मशीनसाठी सोन्याचे असतात, सगळे कोर मोकळे सोडायचे. मी उन्हाळ्यात दुपारी १२ ते ६ बंद ठेवतो, बॉइंकमध्ये वाराप्रमाणे वेळा टाकता येतात.

बिलाबद्दल एक. ३०० ओलांडले की पूर्ण बिल वरच्या दराने लागतं असा समज आहे, तसं नसतं, ३०० च्या वरचे जे युनिट तेवढ्यालाच वरचा दर. तरी तुम्ही घरी शब्द दिलाय तो पाळाच. स्मार्ट टीओडी मीटर (वेळेनुसार दर लावणारा) बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापराला सवलत आहे, उन्हाळा सोडून त्या वेळेचा फायदा घेता येतो. आणि छतावर सोलर बसवायची सोय असेल, सोसायटीत अवघड असतं मला माहितीय, पण असेल तर ३ किलोवॉटला ७८ हजार सबसिडी आहे, आमच्याकडे बसवल्यापासून बिलासाठी मशीन बंद करायचा विषयच निघत नाही.

गोदाकाठ

काकांचं सीपीयूच्या वेळेबद्दलचं सगळ्यांनी लिहून ठेवा, हे फार कमी लोक सांगतात.

बोर्डाची अर्धी बाजू उघडी आहे आणि रॅम १६ आहे म्हटल्यावर मी पण ५७००एक्स कडेच येतो. या बोर्डावर बारा कोरचा आग्रह धरणार नाही. पण त्यालाही बायोसमधून पीपीटी (सॉकेटमधून किती वॉट घ्यायचे ती मर्यादा) ६०-६५ वर बांधून बघा, वेग थोडाच उतरतो आणि तापमान चांगलं उतरतं. अंडरव्होल्ट (व्होल्टेज कमी) करायचं असेल तर मात्र जपून. गेममध्ये चूक झाली तर गेम बंद पडतो, इथे चूक झाली तर चुकीचं उत्तर शास्त्रज्ञाकडे जातं. बरेच प्रोजेक्ट एकच तुकडा दोन वेगळ्या कॉम्प्युटरला पाठवून उत्तरं जुळतात का बघतात, म्हणून ते पकडलं जातं, पण तुमची वीज गेली वाया आणि तिसऱ्या कोणाला ते परत करावं लागतं. आपल्या खात्यात इनव्हॅलिड टास्कचा आकडा दिसतो, तो शून्यच हवा.

आणि एक, वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड आयबीएमकडून टोरांटोच्या क्रेम्बिल संस्थेकडे गेल्यापासून मधे मधे बरेच दिवस बंद पडतं, रोझेटाचं काम पण सलग येत नाही. चारपट मशीन घेऊन रिकामं बसवू नका. आइन्स्टाइन जोडून त्याचा रिसोर्स शेअर ० ठेवा. शून्य म्हणजे बंद नाही, बाकीच्यांकडे काम नसेल तेव्हाच तो काम मागतो. तुमचं कॅन्सरचं काम आलं की ते पुढे.

इंदिरानगरकर

ठरलं, ५७००एक्स बॉक्स पीस, टॉवर कूलर, जुनं छोटं कार्ड, पुढचा पंखा. रॅम दिवाळीला. केबिनेट आजच कप्प्यातून बाहेर काढलं, बायकोला पण पटलं.

आता बसवायचं मीच करणार आहे, दुकानात टॅलीचा डेटा असलेलं मशीन सोडायची इच्छा नाही. आधी कधी प्रोसेसर बदललेला नाही, क्रम सांगाल का कोणी?

देवळाली_कॅम्प

सांगते, लांबलचक होईल पण वाचा.

आधी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मग बॉइंकमध्ये नवीन टास्क नको हे बटण दाबा, हातातल्या टास्क संपून रिपोर्ट होऊ द्या. विंडोज ११ असेल तर सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा, चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या किंवा एन्क्रिप्शन बंद करा, कारण प्रोसेसर बदलला की त्याच्यातली टीपीएमची, म्हणजे एन्क्रिप्शनची किल्ली जाते आणि मशीन सुरू होताना ती की मागतं. नवीन प्रोसेसरवर पहिल्यांदा चालू केल्यावर बायोस विचारेल एफटीपीएम रिसेट करू का, तेव्हा गोंधळून जाऊ नका, की हातात असेल तर बिनधास्त हो म्हणा.

मग बायोस. पेन ड्राइव्ह फॅट३२ करून फाइल टाका, बायोसच्या आतल्याच फ्लॅशच्या टूलने अपडेट करा, यूपीएसवर असताना आणि आभाळ भरून आलेलं नसताना. अपडेट झाल्यावर जुन्या प्रोसेसरवर एकदा विंडोज सुरू होतंय ना बघा.

आता सगळ्यात नाजूक भाग. एएम४ मध्ये जुना कूलर सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर पण सॉकेटमधून उपटून येतो, लिव्हर लागलेला असताना सुद्धा, आणि पिना वाकतात. म्हणून आधी अर्धा तास मशीन फुल लोडवर चालवायचं म्हणजे पेस्ट मऊ होते, बंद करून वायर काढायची, कूलरचे स्क्रू सैल करायचे आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवायचा, बाटलीचं झाकण फिरवतो तसं. सुटल्याचं हाताला समजतं, मगच उचलायचा. मग लिव्हर वर, जुना प्रोसेसर कडेने धरून काढा, तो जपून ठेवा, विकता येईल. नवीन ठेवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. तो आपल्या वजनानेच आत बसतो, बोटाने दाबायचं नाही. बसला नाही तर उचलून पिना उजेडात तिरक्या बघा. त्याच्यानंतर लिव्हर खाली, वाटाण्याएवढी पेस्ट, टॉवरचे स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळा.

तुमचा गोल कूलर स्क्रूचा आहे, त्यामुळे त्याचे स्क्रू पूर्ण सुटले की बोर्डाच्या मागची लोखंडी प्लेट निसटून पडते, एका हाताने धरून ठेवा किंवा कोणाला तरी धरायला सांगा. आणि मॉनिटरची वायर बोर्डाला नाही, कार्डाला लावायची.

इंदिरानगरकर

ताई, प्रिंट काढून घेतलीय. यूपीएस आहे, पण बॉइंक यूपीएसवर असताना पण चालूच राहतं का? आमच्याकडे पावसाळ्यात लाइट फार जाते.

सातपूर_एमआयडीसी

यूपीएसची यूएसबी वायर कॉम्प्युटरला जोडा, विंडोज त्याला बॅटरी समजतं आणि बॉइंकमध्ये बॅटरीवर असताना थांबव हे टिक केलं की लाइट गेली की काम आपोआप थांबतं, लोड उतरतो, यूपीएस जास्त वेळ टिकतो. तसंच टास्कची प्रगती दर ६० सेकंदांनी डिस्कवर लिही अशी सेटिंग असते ती बघून घ्या, एकदम बंद पडलं तरी केलेलं काम फार वाया जात नाही. आणि वर बोललो तो सीमॉसचा सेल, सीआर२०३२, केबिनेट उघडणारच आहात तर नवीन टाकून घ्या, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. बायोस अपडेट झाल्यावर टाका, आणि तारीख-वेळ बरोबर लावा, तारीख चुकीची असली तर डेडलाइनचा घोळ होतो आणि प्रोजेक्टच्या सर्व्हरला मशीन जोडलं पण जात नाही.